शिवनेरीच्या कड्यावरची शिंदळ माकुडी

किल्ला म्हटला की तट, बुरूज, दरवाजे आणि तोफा आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. शिवनेरी म्हटले की जिजाबाई आठवतात, बालशिवाजी आठवतो, १६३० हे साल आठवते. हे अगदी योग्य आहे. पण किल्ल्यावर माणसांच्या आधीपासून कोणी राहत होते का, आणि माणसे निघून गेल्यावर कोण उरले, असा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. आज आपल्यापुढे मांडायची आहे ती अशाच एका जुन्या रहिवाशाची हकीगत. हा रहिवासी म्हणजे कड्याच्या कपारीला धरून वाढणारे एक लहानसे मांसल झुडूप. जुन्नरकडच्या लोकांच्या बोलीत त्याला 'शिंदळ माकुडी' म्हणतात. नाव जरा खट्याळ आहे खरे. पण गुराख्यांनी ठेवलेली नावे अशीच असतात, आणि ती पुस्तकातल्या नावांपेक्षा जास्त टिकतात.

हे झुडूप महाराष्ट्राच्या सह्याद्रीतल्या काही मोजक्या डोंगरांवर आपोआप उगवते. जुन्नरचा परिसर हे त्याचे जुने माहेर. शिवाय पुरंदरकडे आणि साताऱ्याकडेही त्याची थोडी ठाणी आहेत. महाराष्ट्राच्या सह्याद्रीबाहेर, सबंध पृथ्वीच्या पाठीवर, ते रानात कोठेही उगवत नाही. आणि जेथे आहे तेथेही इतके थोडे आहे, की १९७८ साली निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जगातल्या धोक्यात आलेल्या अडीचशे वनस्पतींचे जे 'लाल पुस्तक' काढले, त्यात त्याला जागा द्यावी लागली. लाल पुस्तकात नाव येणे हा काही मान नव्हे. दवाखान्यात खाटेच्या पायथ्याशी जो तक्ता लटकवतात, त्यातला तो प्रकार आहे.

आता ही वनस्पती दिसते कशी ते सांगतो. करंगळीएवढ्या किंवा थोड्या जाड, गुळगुळीत, रसरशीत फांद्या. त्या खडकावरून खाली लोंबतात किंवा आडव्या पसरतात. पावसाळ्यात त्यांवर जाडसर, लांबट हिरवी पाने येतात. श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास पाकळ्यांच्या जागी पाच टोके असलेली चांदणीसारखी फुले लागतात. फूल रुपयाएवढे, रंगाने गडद तांबडे, आणि त्यावर पिवळसर ठिपके किंवा रेघा. आपण जिला रुई म्हणतो, तिच्याच मोठ्या कुळातली ही. रुईसारखीच हिला जोडशेंग येते, ती उकलते, आणि रेशमी झुबका लावलेले बी वाऱ्यावर उडून जाते. मुले ज्याला 'म्हातारी' म्हणून पकडायला धावतात, तसाच हा प्रकार. माळावर वाढणारी माकडशिंग तुम्हांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल, काहींनी तिची कोवळी कांडी मीठ लावून खाल्लीही असेल. ती हिची जवळची बहीण. पण माकडशिंगीला डोळ्यांत भरणारी पाने नसतात. हिला असतात, आणि तीच हिची मोठी नवलाई आहे. या गटातल्या बहुतेक सगळ्या वनस्पतींनी कोरड्या मुलखात राहताना पाने सोडून दिली. हिने मात्र ती ठेवली. ती कशासाठी ठेवली, ते पुढे येईल.

आधी इतिहासाकडे वळू. कारण या झुडपाच्या कहाणीत महाराष्ट्राच्या जंगलांची सबंध कहाणी गुंतली आहे.

इंग्रजी अमदानीत, १८३६ च्या सुमारास, अलेक्झांडर गिब्सन नावाचे एक स्कॉटिश डॉक्टर दख्खनमध्ये देवीची लस टोचण्याच्या कामावर नेमले गेले. हे काम कचेरीत बसून होण्यासारखे नव्हते. गावोगाव हिंडायचे, लोकांशी त्यांच्या भाषेत बोलायचे, आयांची समजूत घालायची. गिब्सन मराठी शिकले, आणि हिंडता हिंडता झाडेही पाहू लागले. पुढे पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी वनस्पतिबागेची व्यवस्था त्यांच्याकडे आली. जुन्नरजवळ हिवरे येथेही त्यांच्या देखरेखीखाली एक बाग होती. तेथे औषधी वनस्पतींची लागवड करून सरकारी औषधखात्याला पुरवठा होत असे. म्हणजे जुन्नरच्या डोंगरांकडे वनस्पतिशास्त्राचे लक्ष गेले ते या बागेच्या वाटेने.

त्या काळी जंगलाची स्थिती काय होती? मुंबईच्या गोदीला जहाजांसाठी सागवान लागत होते. शेतसारा वाढवायचा म्हणून डोंगरउतार नांगराखाली आणायला उत्तेजन मिळत होते. घाटातली झाडे कोळशासाठी तुटत होती. गिब्सन यांनी हे पाहिले, आणि सरकारला बजावले की झाडे गेली तर झरे आटतील आणि कोकणातल्या खाड्या गाळाने भरतील. १८४७ साली मुंबई सरकारने जंगलरक्षकाचे पद निर्माण करून त्यावर त्यांनाच नेमले. सबंध हिंदुस्थानात अशा प्रकारची व्यवस्था सुरू करणाऱ्यांत मुंबई इलाखा पहिल्या रांगेत होता. पण इतिहासाची गंमत पाहा! सहाच वर्षांनी, १८५३ साली, मुंबई-ठाणे रेल्वे धावू लागली, आणि रुळांखालच्या लाकडी फळ्यांसाठी व इंधनासाठी जंगलावर आणखी एक मोठे तोंड येऊन बसले.

गिब्सन १८६० साली निवृत्त झाले. त्यांच्या जागी आले निकोल डॅल्झेल; हेही स्कॉटलंडचेच. दोघांनी मिळून मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचे एक पुस्तक तयार केले, ते १८६१ साली प्रसिद्ध झाले. १८६३ साली डॅल्झेल यांनी जंगलांचा हवापाण्यावर होणारा परिणाम या विषयावर एक टिपण छापले. आज आपण शाळेत पर्यावरण म्हणून जो विषय शिकवतो, त्यातला मुख्य मुद्दा या दोघांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी सरकारदरबारी मांडला होता. सरकारने तो कितपत ऐकला, हा वेगळा भाग.

या डॅल्झेल यांना जुन्नरच्या डोंगराळ भागात आपली शिंदळ माकुडी मिळाली. १८६४-६५ च्या सुमारास त्यांनी लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात तिचे वर्णन छापले. असे झुडूप शास्त्राला नवे होते. कोणत्याही माहीत असलेल्या घराण्यात ते चपखल बसेना. म्हणून तिच्यासाठी एक नवे घराणेच काढावे लागले, आणि त्याला नाव दिले 'फ्रेरिया'. का? तर त्या वेळी मुंबईचे गव्हर्नर होते सर बार्टल फ्रिअर. तिचे पूर्ण शास्त्रीय नाव झाले 'फ्रेरिया इंडिका'.

हे फ्रिअरसाहेब आपल्या इतिहासाला अनोळखी नाहीत. ते १८४८ साली साताऱ्याला रेसिडेंट होते. छत्रपती शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब वारले तेव्हा, त्यांच्या दत्तकाला मान्यता द्यावी असे फ्रिअर यांचे मत होते. डलहौसीने ते मानले नाही, आणि सातारचे राज्य खालसा झाले. पुढे १८६२ ते १८६७ या काळात ते मुंबईचे गव्हर्नर झाले. मुंबईच्या कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या त्या त्यांच्याच कारकिर्दीत. आज ज्याला आपण हुतात्मा चौक म्हणतो, तेथल्या कारंज्याला त्यांचे नाव द्यायचे घाटत होते. ऐन वेळी ते बदलून 'फ्लोरा', म्हणजे रोमन लोकांची फुलांची देवता, हे नाव दिले गेले. तेव्हा कारंज्यावर राहू न शकलेले गव्हर्नरांचे नाव जुन्नरच्या एका रानटी फुलावर मात्र राहिले. आणि त्यातही पुढे गंमत झाली. नंतरच्या शास्त्रज्ञांनी हिचे घराणे तपासले, आणि 'ही काही इतकी एकटी नाही, हिचे भाऊबंद आहेत' असे म्हणत १९५८ साली तिला माकडशिंगीच्या घराण्यात घातले. मग आणखी पुढे, अलीकडच्या संशोधनावरून, 'ब्यूसेरोशिया' या तिसऱ्याच घराण्यात नेले. पुस्तकातले नाव असे दोनदा बदलले. डोंगरावरच्या गुराख्याचे नाव आहे तेच आहे.

आता पानांचे कोडे सोडवू. आपल्याला शाळेत शिकवतात की झाड पानांतून हवा घेते व उन्हाच्या बळावर अन्न तयार करते. त्यासाठी पानांवरची बारीक छिद्रे दिवसा उघडी ठेवावी लागतात. पण छिद्रे उघडली की आतले पाणीही उडून जाते. पाऊसपाण्याच्या दिवसांत त्याचे काही वाटत नाही. पण मार्गशीर्ष उलटल्यावर उघड्या काळ्या कातळावर ही उधळपट्टी कशी परवडावी? म्हणून निवडुंगासारख्या वनस्पती वेगळीच युक्ती करतात. त्या दिवसा दार बंद ठेवतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडतात. रात्री कर्बवायू आत घेऊन आंबट रसाच्या रूपाने साठवायचा, आणि दिवसा दार लावून त्याच साठ्यावर अन्न शिजवायचे. पाण्याची बचत होते. पण वाढ फार संथ होते.

आपली शिंदळ माकुडी दोन्ही रीती जाणते. १९७७ साली लांगे आणि झुबर या जर्मन शास्त्रज्ञांनी प्रयोगांनी दाखवून दिले की हिची पाने सर्वसाधारण झाडासारखी दिवसा काम करतात, आणि हिचे कांड मात्र निवडुंगासारखे रात्री हवा घेते. पावसाळ्यात पाने फुटतात, झटपट कमाई होते. हिवाळ्याच्या सुमारास पाने गळतात, आणि उरलेले कोरडे महिने कांड एकटे, रात्रपाळी करून, घर चालवते. सुगीत दोन हातांनी काम करणारा आणि उन्हाळ्यात पोट आवळून राहणारा आपला कोरडवाहू शेतकरी असतो ना, त्याच्या संसारासारखाच हा संसार आहे. चार महिने मुसळधार आणि आठ महिने ठणठणीत कोरडे, असे जे सह्याद्रीचे हवामान, त्याचेच हे झुडूप म्हणजे उत्तर आहे. म्हणून पाने ठेवली.

मग इतकी हुशार वनस्पती इतकी थोडी का उरली? याचे उत्तर शोधायचे तर ती कोठे उरली आहे ते पाहावे लागते. ती उरली आहे मुख्यत: उभ्या कड्यांवर. आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला. त्यातले कठीण थर कड्यांच्या रूपाने उभे राहिले, आणि मऊ थर झिजून त्यांमध्ये सपाट्या व उतार झाले. जेथे कडा चांगला ताशीव मिळाला, तेथे माणसांनी लेणी कोरली, किल्ले बांधले. शिवनेरीच्या पोटात बौद्ध लेणी आहेत, माथ्यावर किल्ला आहे; दोन्हींचा आधार तो एकच कडा. शत्रूला जो चढता येत नाही तो कडा शेळीलाही सहसा चढता येत नाही, वणवाही त्यावर पोहोचत नाही, आणि कुऱ्हाडही नाही. म्हणजे ज्या कारणाने शिवनेरी अवघड किल्ला ठरली, त्याच कारणाने शिंदळ माकुडीला तेथे आसरा मिळाला. उतारावरची, सपाटीवरची तिची भावंडे चरून, जळून, तुडवून गेली असावीत, आणि कड्यावरची तेवढी राहिली, असे अनुमान करायला जागा आहे.

शिवकालाची आठवण येथे सहज निघते. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात झाडांविषयी फार विचारपूर्वक सांगितले आहे. आंबा-फणसासारखी झाडे आरमाराच्या कामाची असली तरी रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू देऊ नये. एखादे अगदी जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा त्याचा आशय आहे. किल्ल्याच्या भोवतालचे रान राखावे, हेही त्यात येते. त्यामागे निसर्गप्रेम नव्हते, राज्यकारभाराचे शहाणपण होते. पण त्यात एक गोष्ट आहे, ती आजच्या आपल्या विषयाला लागू पडते. झाड राखायचे तर झाडाजवळच्या माणसाला राजी करावे लागते.

इंग्रजांच्या जंगलखात्याने हे मनावर घेतले नाही. १८६५ आणि १८७८ साली जंगलाचे कायदे झाले. राखीव जंगले ठरली, हद्दी आखल्या गेल्या. झाडे राखण्याचा काही भाग त्यातून साधलाही असेल. पण ज्यांच्या शेळ्या-मेंढ्या पिढ्यानपिढ्या त्या डोंगरांवर चरत होत्या, ते एका रात्रीत गुन्हेगार ठरले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात जंगलखात्यावरचा त्यांचा राग धगधगताना दिसतो. गोरगरिबांच्या शेळ्यांना डोंगरावर जागा ठेवली नाही, हे त्यांचे दुखणे होते. पुढे १९३० च्या जंगल सत्याग्रहात हाच राग बाहेर पडला. कुलाबा जिल्ह्यात चिरनेरला माणसांनी गोळ्या झेलल्या. ज्या कायद्यामुळे लोकांच्या मनात जंगल म्हणजे सरकारचे, आपले नव्हे, ही भावना रुजली, त्या कायद्याने एखादे झाड वाचले असेल, पण झाडाचा राखणदार गमावला. शिंदळ माकुडी वाचवायची तर ही चूक पुन्हा करून चालणार नाही.

आणि येथे आपल्याला सरळ बोलले पाहिजे. शेळी ही गरिबाची गाय. शेळीला कोवळे, रसरशीत कांड दिसले तर ती खाणारच. धनगराला किंवा ठाकर-कोळी बांधवाला 'हे झुडूप दुर्मिळ आहे, शेळ्या हाकल' असे शहरातून येऊन सांगणे सोपे आहे. पण तो विचारील, 'साहेब, याचा उपयोग काय? हे खातात का? औषधाला लागते का?' त्याला खोटे सांगू नये. शिंदळ माकुडीने कोणाचा रोग बरा होतो असा दावा करण्याचे कारण नाही. तसा दावा केला तर दुसऱ्या दिवशी लोक ती उपटायला धावतील. औषधी म्हणून गवगवा झाल्यावर किती रानवनस्पतींचा खुर्दा उडाला, ते आपण पाहिले आहेच.

मग उत्तर काय द्यावे? मला वाटते, तीन उत्तरे द्यावीत. पहिले असे की, ही जगात दुसरीकडे नाही. आफ्रिकेतल्या हत्तीची काळजी आफ्रिकेला, आणि हिची काळजी आपल्याला. येथून गेली तर दुसऱ्या कोणाकडून उसनी आणता येणार नाही. दुसरे असे की, पाने आणि कांड यांत कामाची वाटणी करण्याची जी युक्ती हिला साधली आहे, ती कमी पाण्यावर जगू पाहणाऱ्या उद्याच्या शेतीला काही शिकवू शकेल; पुस्तक वाचण्यापूर्वी जाळून टाकू नये, एवढाच याचा अर्थ. आणि तिसरे असे की, हिच्यासाठी जे करायचे आहे ते सगळे आपल्याही फायद्याचे आहे. वणवा थांबला तर नुसते हे झुडूप वाचत नाही; चारा वाचतो, माती वाचते, पायथ्याचा झरा चैत्रातही वाहतो. चराई पाळीपाळीने केली तर शेळ्यांनाच पुढल्या वर्षी पाला मिळतो. तेव्हा उपयोग झुडपाचा काय, असे न विचारता, झुडूप जेथे टिकते तो डोंगर आपल्या उपयोगाचा राहतो की नाही, असे विचारावे.

आता कोणी म्हणेल, एवढी काळजी कशाला? हिची कांडी तोडून कुंडीत लावली की ती सहज जगते म्हणतात! हे खरे आहे. युरोप-अमेरिकेत निवडुंग वगैरे जमवणाऱ्या शौकिनांच्या काचघरांत आपली शिंदळ माकुडी कित्येक वर्षे सुखाने नांदते आहे. पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या बागेत ती जोपासली आहे. पुणे-सातारा रस्त्यावर शिंदेवाडी येथे असलेल्या नवरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्राने तिची रोपे वाढवून पुन्हा डोंगरांवर लावण्याचे काम केले आहे. ही कामे मोलाची आहेत. पण येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. एका झुडपाच्या कांड्यांपासून हजार रोपे केली, तर ती हजार झुडपे नव्हेत. ती एकाच झुडपाच्या हजार प्रती होत. एका रोगाला एक बळी पडली तर सगळ्याच पडण्याची भीती. वंशाला खरी बळकटी येते ती बियांतून; म्हणजे वेगवेगळ्या झुडपांचे मीलन होऊन. त्यासाठी फुले हवीत, त्या फुलांवर बसणाऱ्या माश्या हव्यात, बी वाऱ्याने जाऊन पडेल अशी मोकळी कपार हवी, आणि ते उगवून दोन-चार पावसाळे काढीपर्यंत कोणी त्याला चरू-जाळू नये. कुंडीत झुडूप जगते. त्याचे गाव जगत नाही. देव्हाऱ्यात तुळस असावीच, पण म्हणून गावाबाहेरची देवराई तोडावी असे कोणी म्हणत नाही.

म्हणून खरे राखण डोंगरावरच व्हायला हवे, आणि ते डोंगराजवळच्या माणसांनीच करायला हवे. सुदैवाने आजचा कायदा त्याला वाट देतो. २००२ सालच्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने 'लोकजैवविविधता नोंदवही' तयार करावी अशी तरतूद केली आहे. या वहीत गावातल्या झाडाझुडपांची, पशुपक्ष्यांची आणि त्यांविषयी जुन्या माणसांना जे माहीत आहे त्याची नोंद व्हायची असते. ही वही कोरी किंवा घाईघाईने भरलेली राहिली तर तो कागद आहे. मनापासून भरली तर ती गावाची सनद आहे. गिब्सन-डॅल्झेल यांनी लोकांकडून ऐकून जे लंडनच्या कागदांत लिहिले, ते आता गावाने आपल्या हाताने, आपल्या भाषेत लिहायचे आहे.

आणखी एक गोष्ट. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला, आणि त्यांत शिवनेरी आहे. आनंदाचीच गोष्ट! आता पाहुणे वाढतील, पायऱ्या होतील, कठडे होतील, साफसफाई होईल. उत्साही तरुण मंडळी तटबंदीची डागडुजी करायला सुट्टीच्या दिवशी किल्ल्यावर येतात, त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. तटाच्या सांध्यांत रुजलेला पिंपळ किंवा वड भिंत फोडतो, तो काढलाच पाहिजे. पण तट वेगळा आणि कडा वेगळा. कड्यावरचे प्रत्येक झुडूप म्हणजे केरकचरा नव्हे. विळा-कोयता चालवण्यापूर्वी जाणत्या माणसाला दाखवावे. पिंपळ तोडताना शिंदळ माकुडी गेली, असे होऊ नये. किल्ल्याचा वारसा दगडांइतकाच त्या दगडांत रुजलेल्या जीवांचाही आहे.

शेवटी शिक्षक बंधु-भगिनींना चार शब्द सांगतो. कारण अशा कामात शाळेसारखा आधार दुसरा नाही. डोंगरालगतच्या शाळेने मुलांना जुन्या गुराख्यांकडे पाठवावे, आणि कड्यावरच्या झाडांची नावे, फुलण्याचे महिने, पूर्वी ती कोठपर्यंत दिसत, हे लिहून आणायला सांगावे. म्हाताऱ्या माणसांबरोबर हे ज्ञान दरवर्षी थोडे थोडे सरणावर जाते आहे. भाद्रपदात फूल दिसले तर मुलांनी त्याचे चित्र काढावे. तोडून वहीत चिकटवू नये. त्याची नेमकी जागा पंचायतीला आणि वनखात्याला कळवावी. चारचौघांत तिचा बोभाटा करू नये, कारण दुर्मिळ वस्तूचा पत्ता लागला की चोरही लागतो. कड्यावर चढण्याचे धाडस तर कोणी मुळीच करू नये. खालून पाहिले तरी पुष्कळ दिसते. आणि होळीच्या सुमारास गवत पेटवण्याची जी रीत आहे, तिच्याविषयी गावात बोलावे. शिक्षक बोलला तर गाव अजूनही ऐकते.

वाचकहो, इतिहासात आपण राजांच्या कारकिर्दी मोजतो. जुन्नरने सातवाहन पाहिले, यादव पाहिले, बहमनी आणि निजामशाही पाहिली, मराठे पाहिले, इंग्रज पाहिले. या सगळ्यांच्या वेळी कड्यावरचे हे झुडूप दरवर्षी पावसात पाने काढीत होते आणि उन्हाळ्यात टाकीत होते. त्याला कोणी वाचवले नाही, कारण तोवर तशी गरजच पडली नव्हती. ती गरज आपल्या पिढीत पडली आहे. काम फार मोठे नाही. एक वणवा अडवायचा, शेळ्यांच्या दोन वाटा वळवायच्या, एक वही नीट भरायची, आणि जे जेथे रुजले आहे ते तेथेच राहू द्यायचे. एवढे केले तर पुढल्या पिढीच्या मुलांना शिवनेरी चढताना जिजाबाईंच्या आणि शिवबांच्या गोष्टीबरोबर आणखी एक गोष्ट सांगता येईल, आणि बोट करून दाखवताही येईल.